टेक्ल्याची सून

लोझिव्का, २४ मे १९९३

ओरेस्त,

तुझं पत्र ग्रामपंचायतीच्या नावानं आलं, त्यामुळे ते माझ्या आधी साऱ्या गावाला मिळालं. पंचायतीची चिटणीस ल्युबा ते घेऊन पावाच्या दुकानापुढच्या रांगेत आली आणि तिथंच मोठ्यानं वाचू लागली. ‘माझे आजोबा लुक्यान कोझोरीझ यांना १९४२ साली तुमच्या गावातून जर्मनीला कामासाठी धरून नेलं. युद्धानंतर ते कॅनडात आले. आता अडुसष्ट वर्षांचे आहेत. त्यांच्या घरचं कुणी तिकडे उरलं आहे का?’

मग एकेक मान माझ्याकडे वळली. माझा नंबर आला होता, मी पाव घेतला आणि घरी आले.

उरलं आहे. मी आहे.

लुक्यानचा बाप १९४४ मध्ये लढाईत गेला. आई टेक्ल्या १९७१ च्या मार्चमध्ये, अंथरुणात, माझ्या हातचं पाणी पिऊन गेली. मी त्या घरची सून. घर आहे तिथंच आहे, तळ्याच्या वरच्या अंगाला. छपराचं गवत काढून पत्रे घातले. विहिरीजवळचं नाशपातीचं झाड अजून फळ देतं, पण आता किडकं.

पाळंमुळं शोधतो आहेस असं लिहिलंस. इथं मुळं म्हणजे बीट आणि गाजरं. ती आम्ही तळघरात वाळूखाली ठेवतो आणि हिवाळाभर खातो. माणसांची मुळं कशी शोधतात ते मला ठाऊक नाही. विचारशील त्याचं उत्तर देईन, मनात असेल तेवढं.

पण आधी माझा एक प्रश्न. कोझोरीझ आडनावाचे लुक्यान जगात आणखीही असतील. तुझ्या आजोबांच्या डाव्या भुवईत खाच आहे का, बघ. असली तर ती कुणामुळे पडली, तेही विचार.

होर्पिना कोझोरीझ


लोझिव्का, ८ जुलै १९९३

ओरेस्त,

खाच आहे. म्हणजे तोच.

‘तळ्यावरच्या एका बदकंवाल्या पोरीनं खापरी मारली’ असं ते म्हणाले आणि हसले, हे तू लिहिलंस. पुढे लिहिलंस, ‘आजोबा तर एकुलते एक. मग तुम्ही त्या घरची सून कशा?’ वकिलासारखं विचारतोस. पहिल्या पत्रात मी ते गाळलं होतं, परक्याला कशाला म्हणून. आता कळलं की पानासनंही तुला पत्र घातलं आहे. पानास म्हणजे लुक्यानचा चुलतभाऊ, युद्धानंतर जन्मलेला. त्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐक.

१९४६ च्या पानगळीत गावातला वासिल जर्मनीहून परतला. तो आणि लुक्यान एकाच कारखान्यात होते. तो म्हणाला, बाँब पडले तेव्हा लुक्यान आत होता, आणि आतून कुणी बाहेर आलं नाही. वासिलनं जे पाहिलं ते सांगितलं, त्याचा काही दोष नाही. टेक्ल्यानं हिवाळा जाऊ दिला. वसंतात जमीन खणण्याइतकी मऊ झाली, तेव्हा म्हणाली, “पोराला पुरायचं.”

पुरायला पोर नव्हतं. भरतकाम केलेला एक सदरा होता आणि टोपी होती.

आणि पोर बिनलग्नाचं होतं. तुम्ही तिकडे काय करता माहीत नाही. आमच्याकडे बिनलग्नाचा तरुण गेला तर त्याला तसाच मातीत घालत नाहीत, आधी लग्न लावतात. एखादी मुलगी नवरी होऊन शवपेटीशेजारी उभी राहते. लग्नाचा मोठा पाव भाजतात, आम्ही त्याला कोरोवाई म्हणतो, आणि कबरीपाशी वाटतात. नाहीतर त्याचा जीव दारोदार नवरी शोधत हिंडतो.

टेक्ल्या माझ्या दारात आली. दार माझं नव्हतं, मावशीचं होतं. माझे आईबाप १९३३ च्या उपासमारीत गेले, मी मावशीची बदकं राखत वाढले.

“होर्पिना, माझ्या लुक्यानची नवरी होशील?”

“होईन.”

“का गं?”

“त्यानं माझ्या बदकाला दगड मारला होता आणि मी त्याला खापरी. भांडण मिटायचं राहिलंय.”

टेक्ल्या पाच वर्षांत पहिल्यांदा हसली, मग तिथंच उंबऱ्यावर रडायला बसली.

चर्चचं तेव्हा सरकारनं धान्याचं कोठार केलं होतं आणि पाद्री नव्हता. जे केलं ते बायकांनी केलं. गावातल्या लग्नांचे पाव भाजणाऱ्या खिम्कानं याही लग्नाचा पाव भाजला. माझ्या डोक्यावर हिरव्या वेलीचा मुकुट घातला. मला तांब्याची अंगठी दिली, आणि मेलेल्याला देतात तशी मेणाची एक अंगठी सदऱ्यावर ठेवली. फिडलवाल्यानं लग्नाचंच गाणं वाजवलं, फक्त सावकाश. मी अठरा वर्षांची होते.

अशी नवरी वर्षभर काळं नेसते आणि मग आपल्या संसाराला लागते. मी गेले नाही. टेक्ल्या म्हणाली होती, “वर्ष झालं की जा.” वर्ष झालं तेव्हा मी तिच्या गाईचं दूध काढत होते. दोनदा मागणी आली, दोन्ही जिवंत माणसांकडून. मी नाही म्हटलं. मला कुणी अडवलं नव्हतं. पुढे त्या दोघांशी ज्यांची लग्नं झाली, त्या बायकांचे डोळे मी काळेनिळे पाहिले. माझा नवरा कधी पिऊन घरी आला नाही.

तेव्हापासून मी गावाची विधवा. विधवेनं काय करायचं नाही याची गावात मोठी यादी असते. लग्नाच्या पिठाला विधवेचा हात लागला तर पाव भट्टीत फुटतो आणि जोडपं मोडतं म्हणतात. म्हणून कुणाचंही लग्न असलं की मी अंगणात लाकडं फोडते आणि बाकीच्या बायका आत पीठ मळतात. त्यांची गाणी भिंतीतून ऐकू येतात. सगळी पाठ आहेत.

आता तू पत्र लिहिलंस आणि मेलेला जिवंत झाला. परवा पानास फाटकाशी उभा होता. कालपर्यंत तो मला ‘वहिनी’ म्हणायचा, हिवाळ्याचं सरपण आणून टाकायचा. परवा म्हणाला, “होर्पिना बाई, जरा बोलायचं होतं.”

“बाई कोण रे?”

“आता काय म्हणू? लुक्यानदादा जिवंत आहे, तिकडे त्यानं लग्न केलं, नातवंडं झाली. मग तुम्ही त्याच्या कोण? पंचायत घरांचे नवे कागद करतेय. हे घर अजून टेक्ल्या काकूच्या नावावर आहे. रक्ताचा इथं मीच.”

“आणि मी कुठं जायचं?”

“मागची खोली आहेच की. तुम्हाला कोण काढतंय?”

पानास वाईट नाही. त्याच्या नादियाचं लग्न ठरलं आहे, आणि त्याच्या घरात दोन खोल्यांत सहा माणसं आहेत. पण त्या मागच्या खोलीत मी बटाटे ठेवते.

तर हे असं आहे. आजोबांना सांग किंवा सांगू नकोस. मला त्यांच्याकडून काही नको.

होर्पिना कोझोरीझ. आडनाव मुद्दाम लिहिते आहे.


लोझिव्का, २० ऑगस्ट १९९३

ओरेस्त,

तू सांगितलंस तर. बरं केलंस, म्हाताऱ्या माणसांना आडून आडून बातम्या देऊ नयेत.

दोन दिवसांनी ते म्हणाले, ‘तिची माफी माग.’ कशाची? त्यांनी माझं काय केलं? ते हजार कोसांवर जिवंत होते आणि त्यांना काही माहीत नव्हतं. मी केलं. मला विचारलं होतं आणि मी हो म्हटलं होतं. हे माझ्याकडून कुणी काढून घेऊ नये, पानासनं नाही आणि लुक्याननंही नाही. माफी घेतली तर माझ्यावर काहीतरी कोसळलं होतं असा अर्थ होईल. कोसळलेलं नाही. टेक्ल्या आणि मी चोवीस वर्षं एका चुलीवर शिजवलं. भांडायचो खूप. मीठ तिला जास्त लागायचं.

पत्र का घातलं नाही तेही त्यांनी सांगितलं: परदेशातल्या मुलाचं पत्र आलं तर आईला सरकारकडून त्रास होईल. झाला असता. टेक्ल्याला सरकारी डेअरीवरच्या कामावरून काढलं असतं, निदान. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. फक्त एवढं सांग, की ती दर रविवारी त्या रिकाम्या कबरीवर जायची आणि त्याला गावच्या बातम्या सांगायची. कुणाची गाय व्याली, कुणी दारू सोडली. तिला तिचा मुलगा भेटत होता. त्यांनी फार मनाला लावून घेऊ नये.

आता तुझा प्रस्ताव. तू लिहितोस, दोन पत्रं समोर आहेत, पानासचं आणि माझं. आजोबा म्हणतात, मी कागदावर सही करून घर तिला देतो, म्हणजे वाद मिटेल. नको. तशी सही पाठवू नका. घर त्यांनी दिलं तर मी त्यांच्या दयेनं राहणारी बाई झाले. पानासच्या मागच्या खोलीत आणि त्यांच्या पुढच्या खोलीत मग फरक काय?

पानासनं आणखी एक काढलं आहे. तो म्हणतो, जिवंत माणसाच्या नावाचा क्रूस कबरस्तानात ठेवणं अशुभ. त्याच्या वाट्याचं मरण दुसऱ्यावर येतं. मंगळवारी तो फावडं घेऊन तिथं गेला. मी आधीच गेले होते, डबा घेऊन.

“सरका बाई.”

“जेवतेय.”

“इथं?”

“माझ्या लग्नाच्या जागेवर. खाणार का? बटाट्याचे घावन आहेत, मलईत.”

तो उभा राहिला, मग बसला. दोन खाल्ले, फावडं खांद्यावर टाकलं आणि निघून गेला. जाताना म्हणाला, “सभेत बघू.” सभा सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी आहे. कुणाचं घर ते गाव हात वर करून ठरवणार.

तू फोटो मागितलास. सोबत ठेवला आहे. डावीकडची टेक्ल्या. उजवीकडची मी, १९५८. डोळे मिटलेले नाहीत, उन्हानं बारीक झाले आहेत.

होर्पिना


लोझिव्का, २७ सप्टेंबर १९९३

ओरेस्त,

काल सभा झाली. झाली तशी सांगते, नंतर पानास वेगळी सांगेल.

संस्कृती भवनात सगळं गाव होतं, कारण त्याच दिवशी साखरही वाटायची होती. पानास आधी उठला. नवा कोट घालून आला होता. चांगलं बोलला.

“होर्पिना बाईंनी माझ्या काकूची सेवा केली, कोण नाही म्हणतं? देव त्यांना आयुष्य देवो. पण लग्न? अहो, पाद्री नव्हता, सरकारी नोंद नव्हती, आणि खरं सांगायचं तर नवरासुद्धा नव्हता!”

सभा हसली. मीही हसले, वाक्य चांगलं होतं.

सरपंचांनी मला विचारलं, “आजी, तुमच्याकडे काही पुरावा?”

मी म्हटलं, “क्रूस आहे. जाऊन बघा.”

“क्रूसावर तुमचं नाव नाही.”

“मी अजून मेले नाही.”

पुन्हा हशा झाला, पण त्यानं घर मिळत नसतं. सरपंच कागद चाळायला लागले. आयुष्यभराचं काम आणि दाखवायला एक तांब्याची अंगठी, तीही झिजून बोटात रुतलेली.

तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला. खिम्का उठली होती. वय एक्याऐंशी, कानानं कमी, आवाज मात्र घंटेसारखा.

“काय चाललंय? साखर कधी देणार?”

ल्युबा तिच्या कानात ओरडली, “आजी, होर्पिना टेक्ल्याची सून होती की नव्हती, ते ठरवतोय!”

“ते ठरवायचं काय? पानास, इकडे बघ. तुझ्या लग्नाचा पाव कुणी भाजला?”

“तुम्ही, आजी.”

“होर्पिना कुठं होती?”

पानास कोटाची बटणं चाचपू लागला.

“मी सांगते. अंगणात लाकडं फोडत होती. बर्फ पडत होतं. ती हात शेकायला आत आली, तर तुझ्या आईनं तिला दारातच अडवलं. ‘विधवा आहेस, पिठापासून लांब हो.’ मी तिथंच होते, कोपरापर्यंत पिठात. माझ्या पोरींच्या लग्नात मीही तेच केलं. या गावात बसलेल्या प्रत्येक बाईनं केलं. होय की नाही? माना खाली काय घालता?”

खिम्का सरपंचांकडे वळली.

“आता मला अडाणी म्हातारीला समजावा. ती विधवा नव्हती तर तिला बाहेर का ठेवलं? आणि विधवा होती तर कुणाची?”

सरपंच काही म्हणायला गेले. खिम्कानं काठी आपटली.

“विधवेचं सगळं तिच्याकडून वसूल केलंत. काळं नेसवलंत, लग्नातून उठवलंत. आणि घराची वेळ आली की ती कुणी नाही? घर घ्यायचं असेल तर आधी तिचे सगळे पाव परत द्या. माझ्यापासून सुरुवात करा. माझ्याकडे तीन पोरींचे आहेत.”

मग ती बसली आणि शेजारणीला म्हणाली, “साखर मिळणार आहे ना?”

हात वर झाले. सगळ्यात आधी बायकांचे. पानासच्या बायकोचाही झाला, नवऱ्याकडे न बघता. घर माझ्या नावावर लागलं: होर्पिना कोझोरीझ, टेक्ल्या कोझोरीझ हिची सून. ल्युबानं तसंच लिहिलं.

बाहेर पानास विडी ओढत उभा होता. मी त्याच्यापाशी थांबले. पुढची खोली मी कुणाला देणार नाही, पण मागच्या खोलीतले बटाटे तळघरात हलवता येतात. लग्न झालं की नादिया आणि तिचा नवरा हिवाळाभर तिथं राहू शकतात. असं मी त्याला सांगितलं. तो विडीकडे बघत राहिला आणि म्हणाला, “भाडं किती, वहिनी?”

‘वहिनी’ म्हणाला.

“सरपण,” मी म्हटलं. “नेहमीसारखं. फोडून.”

होर्पिना


लोझिव्का, १८ ऑक्टोबर १९९३

लुक्यान,

हे पत्र तुला आहे, ओरेस्तनं वाचून दाखवलं तरी चालेल. तुला अहो-जाहो करायला मला जमणार नाही. शेवटचं पाहिलं तेव्हा तू सतरा वर्षांचा होतास. गाडीत बसलेल्या सगळ्या पोरांत तूच तेवढा मागे न बघता बसला होतास. भुवईची जखम त्याच्याही आधीची.

तुझा कागद परवा आला. वकिलाचा शिक्का, तुझी सही, घर मला दिल्याचं लिहिलेलं. मी ओरेस्तला सांगितलं होतं, पाठवू नका. कॅनडात कुणी ऐकत नाही असं दिसतं. तो या पाकिटात परत घालते आहे. सही सुंदर आहे, पण तुझ्याकडे नसलेली गोष्ट तू मला देतो आहेस. घर माझं आहे. गावानं हात वर करून सांगितलं, आणि त्याच्या आधी तुझ्या आईनं उंबऱ्यावर बसून.

आता एक बातमी. शुक्रवारी पानासच्या नादियाच्या लग्नाचा पाव भाजायचा होता. मी नेहमीप्रमाणे कुऱ्हाड घेऊन अंगणात गेले. खिम्का दारात आली आणि ओरडली, “कुऱ्हाड ठेव! नवरा जिवंत असलेली बाई लाकडं कशाला फोडते? हात धू!”

आतल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. पानासची बायको म्हणाली, “खिम्का आजी, पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे. पाव फुटला तर?”

“नवरा आहे तिला. कॅनडात आहे. असतात लोक लांब.”

“पण तो तिचा...”

“सभेत तू हात वर केलास ना?”

केला होता. मी नादियाकडे बघितलं. म्हटलं, “तुझा पाव आहे, तू सांग. नको म्हणालीस तर मी लाकडं फोडीन आणि राग धरणार नाही.” हे शेवटचं खरं नव्हतं. मी मरेपर्यंत राग धरला असता.

नादिया बावीस वर्षांची आहे, तिचा नवरा ट्रॅक्टर चालवतो आणि ती कशाला भीत नाही. तिनं मला एप्रन दिला.

मी हात धुतले. अंगठी निघत नाही, म्हणून तिच्यासकट मळलं. पीठ किती जड असतं, लुक्यान, मला माहीतच नव्हतं. अंडी, लोणी, आणि सात बायकांचे हात एकाच परातीत. गाणं सुरू झालं तेव्हा बाकीच्या दोन कडवी विसरल्या होत्या. मी विसरले नव्हते. मी इतकी वर्षं ते भिंतीच्या पलीकडून ऐकलं आहे.

पाव भट्टीत गेला. पानासची बायको देवाच्या तसबिरीपुढे उभी, खिम्का भट्टीच्या तोंडाशी, आणि मी मधोमध, पिठाचे हात तसेच. मनात म्हटलं, फुटला तर फुटला, मी हात लपवणार नाही.

खिम्कानं झाकण काढलं. तिच्या तोंडावर उजेड पडला, आणि ती आत वाकून बघत राहिली. मग म्हणाली, “काय गं, सगळ्या जणी श्वास धरून मराल.”

पाव अखंड होता. लाल, फुगलेला, वरची कणकेची पाखरंसुद्धा चोचीसकट शाबूत. पानासच्या बायकोनं माझ्या गळ्यात पडून माझा नवा ब्लाउज ओला केला.

आपल्या लग्नाच्या पावातला तुझा वाटा तुझ्या आईनं फडक्यात बांधून पेटीत ठेवला होता. बावन्न साली उंदरांनी खाल्ला. तिनं त्या उंदरांना ज्या शिव्या दिल्या त्या पत्रात लिहिता येत नाहीत. नादियाच्या पावाचा एक तुकडा मी भट्टीवर सुकवला आणि तुझ्या कागदात गुंडाळला आहे. वाटेत कुणी काढून घेतला नाही तर मिळेल. दातांनी तुटणार नाही, चहात बुडव.

ओरेस्त लिहितो, तुला यायचं आहे पण कुठल्या तोंडानं येऊ असं म्हणतोस. जे आहे तेच घेऊन ये. एप्रिलनंतर ये, त्याआधी चिखल असतो. क्रूस मी काढणार नाही. त्याच्या खाली तुझा सदरा आहे आणि माझं लग्न आहे, आणि शेजारची जागा माझी आहे. तुझ्या जागेचं काय करायचं ते तू आल्यावर बघू. कॅनडात तुझी बायको पुरली आहे, तिच्याशेजारी झोपायचं असेल तर मला राग नाही. हे मात्र खरं आहे.

नाशपातीपर्यंत सरळ चालत ये. पुढे फाटक ढकलून आत शिरू नकोस, ती लहानपणची सवय असेल तर मोड. दार ठोठाव, कोण ते सांग. मी उघडते.

होर्पिना कोझोरीझ,
टेक्ल्याची सून